कंट्रोलर एक, दावेदार पाच

“कढीपत्ता हवाय का म्हणून हाक नाही मारली हो ताई. जरा भिंतीपाशी या, एक विचारायचंय,” शेजारच्या वहिनी म्हणाल्या आणि दोन्ही कोपरं कंपाउंडच्या भिंतीवर टेकवून उभ्या राहिल्या. वहिनींची कोपरं टेकली म्हणजे अर्धा तास गेला. मी आत जाऊन गॅस बंद करून आले.

“काय झालं?”

“दुबईचे भाऊजी गणपतीला येऊन गेले ना, त्यांनी पोरांसाठी प्लेस्टेशन आणलाय. फाइव्ह! हे एवढं पांढरं धूड. शोकेसमध्ये उभं मावेना, आडवं मावेना. शेवटी सासूबाईंचं गौरीचं सामान माळ्यावर टाकलं आणि तिथे बसवलं. खोक्यात बघतो तर रिमोट एक, वायर एक, त्या वायरीला तिकडचा जाड पट्ट्यांचा तीन पिनांचा प्लग, आणि गेम एकही नाही! ह्यांनी टेपरेकॉर्डरची जुनी वायर लावून बघितली, ती बसली.”

“बसते, दोन्हीकडचं तोंड सारखंच असतं. पण ती वीस वर्षांची वायर काढा आणि नवी चांगली घ्या.”

“ते करीन हो. पण गेमचं काय? घरात माणसं पाच, मागण्या पाच. ह्यांना क्रिकेट पाहिजे. थोरल्याला ते गाड्या पळवायच्या आणि दिसेल त्याला मारायचं...”

“जीटीए.”

“तेच ते. धाकटीला ठोकळ्यांचं, माइनक्राफ्ट. सासूबाई म्हणतात डोळे जातील, परत पाठवा. आणि ह्यांनी आधीच सांगून ठेवलंय, सगळं मिळून दहा हजारांच्या वर एक पैसा मिळणार नाही.”

“ही चार मतं झाली. पाचवं, म्हणजे तुमचं?”

वहिनी हसल्या. “मला कोण विचारतंय!”

खरी मेख इथेच आहे. घरात मशीन येतं ते ‘सगळ्यांसाठी’ म्हणून, आणि महिन्याभरात ते एका पोराचं होतं. बाकीचे जेवायला ये म्हणून हाका मारण्यापुरते उरतात. आमच्या थोरल्याचा जुना पीएस फोर तो पुण्याला शिकायला गेल्यापासून आमच्या दोघांच्या ताब्यात आहे, त्यामुळे या विषयात माझा अधिकार आता कॉलनीत मान्य झालेला आहे. मी पण कोपरं टेकली.

“पहिली गोष्ट, गेम एकही नाही असं नाही. मशीनच्या पोटात एक आहे. ॲस्ट्रोज प्लेरूम. प्रत्येक पीएस फाइव्हमध्ये फुकट येतो. एक छोटा यंत्रमानव मशीनच्या आतल्या भागातच हिंडतो. पाऊस आला की थेंब हातातल्या कंट्रोलरवर टपटपल्यासारखे लागतात. आणि काही ठिकाणी पंखा फिरवायला कंट्रोलरवर फुंकर मारावी लागते. खरी, तोंडाने. त्यात माइक असतो.”

“फुंकर? अहो, आम्ही लहानपणी कॅसेटवर मारायचो तशी?”

“तशीच!”

मग दहा मिनिटं विषय भलतीकडेच गेला, आणि तो गेला ते बरंच झालं. वहिनी मिरजेच्या. त्यांच्याकडे नव्वदच्या दशकात ती पिवळी कॅसेट होती, जिच्यावर ‘९९९९९९ इन १’ लिहिलेलं असायचं आणि आत तेच आठ-दहा गेम नावं बदलून फिरत राहायचे. बदकं मारायची बंदूक होती. नेम चुकला की गवतातून कुत्रा वर येऊन हसायचा. (ती बंदूक माळ्यावर असेल तर काढू नका. ती जुन्या काचेच्या टीव्हीचा प्रकाश टिपून चालायची, आताच्या सपाट टीव्हीवर ती आंधळी आहे.) आणि काँट्रा होता. वहिनींना तीस लाइफची किल्ली अजून तोंडपाठ आहे. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, मग बी ए. भिंतीवर बोटांनी वाजवून दाखवली.

“आणि ती धबधब्याची स्टेज आठवते?” मी विचारलं.

“आठवते म्हणजे! भाऊ माझ्यापुढे उड्या मारत वर जायचा, पडदा त्याच्याबरोबर वर सरकायचा आणि मी खालीच राहून मरायचे. मुद्दाम करायचा मेला. आई लाटणं घेऊन यायची.”

“मग एवढं लक्षात ठेवा. तुम्हाला तो गेम आठवतोय तो त्यातल्या गोळीबारामुळे नाही, शेजारी भाऊ बसलेला होता म्हणून. गेम निवडताना तेच बघायचं. दुकानात जाऊन ‘चांगला कुठला’ असं विचारलंत की तो पाच हजारांचा नवा कोरा डबा हातात ठेवणार. गॉड ऑफ वॉर देईल, स्पायडरमॅन देईल. सुंदर आहेत दोन्ही, पण एकट्याचे. एक खेळणार आणि चौघं बघणार. तुमच्याकडे संध्याकाळी सातनंतर सोफ्यावर कोण कोण असतं?”

“सगळेच. सासूबाई मालिका लावतात म्हणून.”

“मग सोफ्याचे गेम घ्यायचे. डब्याच्या मागे बारीक अक्षरात खेळाडूंचे दोन आकडे असतात, ते आधी वाचा. एक आकडा एका टीव्हीपुढे किती जण बसू शकतात त्याचा, दुसरा इंटरनेटवरून किती जण जोडले जातात त्याचा. दुसरा आकडा मोठा असला म्हणून हुरळून जायचं नाही. विकतच्या गेममध्ये नेटवरून खेळायचं तर बहुतेक वेळा सोनीची वेगळी वर्गणी लागते. सोफ्यावर बसून आपसात भांडायला काही लागत नाही.”

“आणि रिमोट? तो तर एकच.”

“तिथेच दहा हजारांना पहिलं भोक पडतं. पीएस फाइव्हचा दुसरा कंट्रोलर सहा हजारांच्या आसपास जातो.”

वहिनींनी कपाळाला हात लावला. “सहा हजार? त्यात आमच्या कामवाल्या मावशींचा दोन महिन्यांचा पगार होतो!”

“थांबा. आमच्याकडचा पीएस फोरचा जादा कंट्रोलर तुम्हाला देते. त्याने पीएस फाइव्हचे गेम चालत नाहीत, पण पीएस फोरचे गेम तुमच्या मशीनवर लावलेत तर त्यात तो चालतो. आणि तुमच्या मशीनला डिस्कची फट आहे ना? मग पीएस फोरच्या डिस्का बिनधास्त घ्या. जुन्या पडल्यामुळे स्वस्त असतात, सेकंडहँड तर आणखी. दुबईच्या मशीनला इथली डिस्क चालेल का, अशी शंका असेल तर सांगते, चालते.”

हे डिस्कचं प्रकरण भाऊजींनी नशिबाने बरोबर केलं होतं. बिनफटीचं, म्हणजे डिजिटल मशीन थोडं स्वस्त पडतं, पण त्यावर घेतलेला गेम ना विकता येत ना कुणाला देता येत. शिवाय एकेक गेम शंभर जीबीचा उतरवून घ्यायचा. पहिल्या पीएस फाइव्हवर ८२५ जीबी लिहिलेलं असायचं आणि हाताशी यायची ६६७. आमच्या कॉलनीच्या इंटरनेटची चाल बघता पोरं आज डाउनलोडला लावतील आणि दसऱ्याला खेळतील.

“मारिओ नाही का मिळत ह्याच्यावर? सासूबाईंना तो मिशीवाला माहितीय, माझ्या माहेरी बघितलाय त्यांनी.”

“मारिओ निन्टेन्डोचा, तो त्यांच्याच मशीनवर. आणि निन्टेन्डो इथे अधिकृतपणे विकतच नाही, जे दिसतं ते व्यापाऱ्यांनी बाहेरून आणलेलं. खरं तर आधी गेम ठरवायचा आणि मग मशीन. तुमच्यासारख्या घराला तो मारिओ कार्ट एट डिलक्स एकदम फिट होता. २०१७ चा आहे, अजून जुना होत नाही. एका टीव्हीवर चार जण गाड्या पळवतात आणि लहान मुलांसाठी एक सोय आहे, ती चालू केली की गाडी रस्ता सोडून खड्ड्यात जातच नाही. आजी विरुद्ध नात अशी शर्यत लागते. माझी नणंद न्यू जर्सीला असते ना, तिच्याकडे आहे.”

“मजा आहे त्यांची.”

“मजा? तिच्याकडे त्याच मशीनवरून अबोला चाललाय. ॲनिमल क्रॉसिंग नावाचा गेम आहे. बेटावर घर बांधायचं, मासे पकडायचे, शेजाऱ्यांशी गोड बोलायचं. एका मशीनवर बेट एकच. आणि ज्याने पहिल्यांदा चालू केलं तो त्या बेटाचा कारभारी. पूल कुठे बांधायचा, दुकान कुठे काढायचं, सगळं तोच ठरवणार. बाकीचे नुसते राहायला. तिच्या मोठीने सगळे झोपलेले असताना रात्री चालू केलं, आणि धाकटा गेले कित्येक महिने त्या बेटावर पोटभाडेकरू आहे.”

“अगंबाई! म्हणजे तिथे पण सातबारा पहिल्याच्याच नावावर?”

आता वहिनी रंगात आल्या होत्या. त्यांनी पदराआडून फोन काढला आणि यादी लिहायला घेतली. “सांगा. पहिला कुठला?”

“ओव्हरकुक्ड टू. डोळे झाकून. स्वयंपाकाचा आहे. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या दोघांनी मिळून पहिला भाग काढला, २०१६ ला. हा दुसरा २०१८ चा. चार जणांपर्यंत एका टीव्हीवर. वर ऑर्डरी येत राहतात, खाली घड्याळ पळत असतं. एकाने मासा चिरायचा, एकाने भात टाकायचा, एकाने ताट वाढून खिडकीत सरकवायचं. भात वेळेत उतरवला नाही तर भांडं पेटतं, मग शेजारच्या ओट्याला आग लागते आणि विझवायचं नळकांडं शोधायला पळायचं. पुढे पुढे उष्टी ताटं परत यायला लागतात, ती कुणीतरी घासायची.”

“ती पण मीच घासणार, सांगून ठेवते.”

“नाही! तेच तर. त्यात कुणी कुणाची बायको नाही. कांदा, टोमॅटो, मासा ओट्यावरून दुसऱ्याच्या अंगावर फेकता येतो. एका ठिकाणी स्वयंपाकघर गरम हवेच्या फुग्यात असतं. तुम्ही निवांत सॅलड चिरताय, आणि मध्येच फुगा कोसळतो तो थेट सुशीच्या स्वयंपाकघरात. तोवरचं सगळं नियोजन मातीत. तुमचे हे ऑफिसात टीमवर्कची प्रेझेंटेशनं देतात ना? त्यांच्या हातात भाताचं पातेलं द्या आणि गंमत बघा.”

“सासूबाई?”

“सासूबाईंना खेळायला लावायचंच नाही. त्या मागे सोफ्यावर बसून ‘अगं भात! भात लागला!’ ओरडणार. तो गेम ओरडणाऱ्या माणसाशिवाय पुढे जातच नाही. आणि माझा कंट्रोलर मिळेपर्यंतसुद्धा अडणार नाही. ओव्हरकुक्डमध्ये एकच कंट्रोलर दोघांत चालतो. डावी बाजू एकाने धरायची, उजवी दुसऱ्याने. धाकटीला मांडीवर घेऊन बसा आणि अर्धा अर्धा धरा. तिचा स्वयंपाकी डाव्या काडीवर, तुमचा उजव्या. पहिली पाच मिनिटं नुसत्या एकमेकींना धडकाल.”

हा गेम मी का पहिला सांगितला, ते वहिनींना सांगितलं नाही, इथे लिहिते. घरातल्या तरबेज पोराला त्यात एकट्याने मैदान मारता येत नाही. त्याची बोटं कितीही वेगात फिरली तरी ताट वाढायला आई लागते, आणि आईला ऑर्डरींचा क्रम लावणं कुणी शिकवावं लागत नाही. चौदा वर्षांचा मुलगा आईला ‘आता काय करू?’ असं विचारतोय, हे दृश्य बाकी कुठल्या गेममध्ये बघायला मिळेल?

“दुसरा इट टेक्स टू. हा फक्त दोघांचा. एकट्याने सुरूच होत नाही, तिसऱ्याला जागा नाही. स्टॉकहोमच्या हेझलाइटचा, २०२१ चा. त्या वर्षीचा गेम ऑफ द इयरचा किताब त्याला मिळाला. गोष्ट काय, तर नवरा-बायको घटस्फोट घ्यायला निघालेत.”

“ताई!”

“ऐका तर. मुलगी रडते, तिचे अश्रू बाहुल्यांवर पडतात, आणि आई-बाप त्या बाहुल्यांत अडकतात. बोटभर उंचीचे होऊन स्वतःच्याच घराच्या अडगळीतून वाट काढतात. तिथे जुना व्हॅक्यूम क्लीनर भेटतो, मला फेकून दिलंत म्हणून चिडलेला. नवऱ्याकडे खिळे, बायकोकडे हातोडीचं डोकं. त्याने भिंतीत खिळा मारला तरच तिला त्याला लटकून पलीकडे झोका घेता येतो. ती पलीकडे जाऊन कळ दाबते तेव्हा त्याची वाट उघडते. एकाने घाई केली की दोघांचं अडलं.”

“आणि तुम्ही दोघं खेळलात हे?” वहिनींचा आवाज आपोआप खाली आला.

“खेळलो. पहिल्या दिवशी ‘उडी कधी मारायची’ यावरून आमचं जे झालं, ते तुमच्या बेडरूमपर्यंत आलं असणार.”

“आलं होतं. आम्हाला वाटलं सोसायटीच्या मेंटेनन्सवरून चाललंय.”

“एक मात्र सांगते. मधे कापडी हत्तिणीचा प्रसंग आहे. मुलीची लाडकी बाहुली. मुलगी रडली तर आपण सुटू, असं वाटून हे दोघं त्या हत्तिणीला फरफटत नेतात. ती गयावया करते, आणि कंट्रोलर आपल्या हातात असतो, ओढायचं आपणच. धाकटीला तिथे बसवू नका. डब्यावर १२ लिहिलंय ते उगीच नाही.”

“ते आकडे खरंच मानायचे असतात? थोरला म्हणतो, सगळे तसेच खेळतात.”

“मानायचे. ३, ७, १२, १६, १८. अमेरिकेत अक्षरं असतात. तिथे तर मॉर्टल कोम्बॅटमधलं रक्त बघून १९९३ मध्ये सिनेटमध्ये सुनावणी झाली, आणि पुढच्या वर्षी वयाच्या शिक्क्याची पद्धत आली. थोरल्याचा जीटीए फाइव्ह १८ चा आहे. गाड्या पळवण्यावर माझं काही म्हणणं नाही. पण त्यात एक प्रसंग आहे, बांधून ठेवलेल्या माणसाचा छळ करायचा, आणि तो बघायचा नाही, आपल्या हाताने करायचा. चौदाव्या वर्षी कशाला?”

“पण त्याच्या मित्राकडे आहे म्हणे.”

“मित्राच्या आईला भाजी मंडईत गाठा आणि विचारा, तुम्ही बघितलाय का म्हणून. तिने बघितलेला नसणार. थोरल्याला रॉकेट लीग द्या. गाड्यांनी फुटबॉल खेळायचा. २०२० पासून फुकट आहे, नेटवरून खेळायला वर्गणीसुद्धा नाही, आणि टीव्हीचे भाग पाडून घरातले पण खेळू शकतात. फक्त तो गेम पीएस फोरचा आहे का फाइव्हचा उतरलाय ते बघा, नाहीतर माझा कंट्रोलर घेऊन भांडायला याल.”

क्रिकेटचा विषय मी लवकर उरकला, कारण त्यात फार बोलण्यासारखं नाही. वहिनींच्या साहेबांच्या पिढीतले सगळे पुरुष कॉलेजात कॉम्प्युटरवर क्रिकेट ०७ खेळून पास झालेत आणि त्यांना पुन्हा तेच हवं असतं. नंतरचा क्रिकेट ट्वेंटीफोर बनला मेलबर्नला, बिग अँट नावाच्या कंपनीत. एवढं क्रिकेटवेडं राष्ट्र आपण, आणि आपला खेळ ऑस्ट्रेलियाहून मागवतो. चांगला आहे, पण बॅटिंगचं टायमिंग जमायला आठवडा जातो आणि तोवर धाकटी कंटाळून निघून जाते. जुनी डिस्क मिळाली तर साहेबांच्या हट्टापायी घ्यावी.

“त्यापेक्षा फुटबॉल का नाही? फिफा?”

“नाव बदललं. २०२३ पासून ईए स्पोर्ट्स एफसी. बाप-लेकाला झकास. फक्त त्यातल्या अल्टिमेट टीमच्या खोलीत पैसे घेऊन शिरायचं नाही. खरे पैसे देऊन बंद पाकीट घ्यायचं आणि आत कुठला खेळाडू निघतो ते नशिबावर. बेल्जियममध्ये २०१८ ला असल्या पाकिटांना जुगार ठरवलं, आणि पुढच्या वर्षी कंपनीला तिथली विक्री थांबवावी लागली.”

“पाकिटं तर आम्ही पण फोडायचो हो, बबलगमची. खेळाडूंची चित्रं निघायची.”

“रुपयाची पाकिटं ती, आणि रुपया संपला की संपला. इथे साहेबांचं कार्ड जोडलेलं असतं. म्हणून आज रात्री आधी एक काम करा. पोरांची खाती तुमच्या खात्याखाली काढा. महिन्याचा खर्च शून्य, रोजचे तास ठरलेले, वयाचा आकडा ठरलेला. सगळं त्या खात्यात बसवता येतं. आणि खातं तुमच्या नावाचं काढा, साहेबांच्या नाही. म्हणजे कारभारी तुम्ही.”

हे वहिनींना फार आवडलं. फोनवर त्यांनी ते वाक्य दोनदा लिहिलं असावं.

“धाकटीचं माइनक्राफ्ट?”

“तो घ्याच. त्याबद्दल मी सांगायची गरज नाही, तीच तुम्हाला सांगेल. चार जण एका टीव्हीवर खेळतात. तुम्ही तिच्या घरामागे कोंबड्या पाळा. आणि थोडे पैसे उरले तर राजी. एका मुलीची गोष्ट आहे, तिचा धाकटा भाऊ असुर पळवून नेतात आणि ती त्याला सोडवायला निघते. दुर्गा आणि विष्णू वरून बघत आपसात बोलत असतात. २०२० चा आहे, पुण्यात बनलाय.”

“पुण्यात? आपल्या पुण्यात?”

“नॉडिंग हेड्स नावाची मंडळी आहेत. हा एकट्याचा आहे, पण सासूबाईंना शेजारी बसवून खेळण्यासारखा. दुर्गा बोलायला लागली की डोळ्यांची तक्रार आपोआप थांबेल.”

वहिनींनी बेरीज केली. माझा कंट्रोलर फुकट, रॉकेट लीग फुकट, ॲस्ट्रो फुकट. ओव्हरकुक्ड आणि माइनक्राफ्ट जुन्या डिस्का, राजी उतरवून. साहेबांच्या क्रिकेटला पण जागा निघत होती.

“पण घटस्फोटाचा राहिलाच की.”

“तो माझ्याकडे आहे, पीएस फोरची डिस्क. तुमच्या मशीनवर चालेल. तुम्ही ओव्हरकुक्ड घेतलात की अदलाबदल करू. वाटी इकडून जाते, डिस्क तिकडून येईल.”

“चालेल. पण दिवाळीत ओव्हरकुक्ड माझ्याकडे. नणंदा येणारेत चारी.”

“पाडव्यापर्यंत तुमच्याकडे. भाऊबीजेला माझे भाऊ येतात, त्या दिवशी सकाळी दहाच्या आत इकडे पाहिजे.”

“दहा? भाऊबीजेला आमच्याकडे अकराशिवाय कुणी उठत नाही.”

“मग आदल्या रात्री.”

“आदल्या रात्री तर खरा रंग चढतो हो ताई! असं करा, तुम्ही तुमची एक घ्या ना वेगळी.”

“मी घ्यायची? मग कंट्रोलर परत द्या.”

“अजून दिलाय कुठे तुम्ही!”